पिकअपचे क्रॉस कधी बदलायचे? माझा अनुभव

इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा चार दांड्यांचा तुकडा असतो, तो क्रॉस. तो वाजायला लागला की लगेच बदलायचा, की अजून एक हंगाम काढायचा, हा प्रश्न तासगाव भागात भाडी मारणाऱ्या प्रत्येकाला पडतो. माझ्यापुढे तो ऐन डिसेंबरात आला. जानेवारीपासून द्राक्षाची भाडी सुरू होतात ती एप्रिलपर्यंत. त्यात गाडी वाटेत बसली तर भरलेले क्रेट उन्हात तापतात आणि शेतकऱ्याचं वर्षभराचं कष्ट मातीमोल होतं. म्हणून मी हा निर्णय अंदाजावर सोडला नाही.

आवाज आधी रिव्हर्सला कळला. गिअर टाकून क्लच सोडला की खालून ‘टुक’, परत पहिला टाकला की पुन्हा ‘टुक’. सावकाश मागे घेताना उंदीर चिरकावा तसं काहीतरी चिरकायचं. पुढं पुढं साठच्या वर गेलं की पायाखालच्या पत्र्याला बारीक थरथर यायला लागली.

पण नुसत्या ‘टुक’वर क्रॉसला दोषी धरू नये. फ्लँजचे (शाफ्ट जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट ढिले असले, स्प्लाइन (शाफ्टचा खाचांचा सरकता जोड) झिजली असली, क्राउन-पिनियनमध्ये (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या जोडीत) प्ले म्हणजे ढिलेपणा वाढला असला, तरी असाच आवाज येतो. त्यामुळे गाडी सपाटीला लावली, इंजिन बंद केलं, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडला आणि खाली शिरलो. बोल्ट घट्टच होते. मग एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने फ्लँज धरून उलटसुलट पीळ दिला. मागच्या क्रॉसची हालचाल डोळ्यांना दिसत होती. त्याच्या कपाच्या (दांडीच्या टोकावरच्या बेअरिंगच्या टोपीच्या) कडेला विटकरी रंगाची पूड साचली होती. ग्रीस संपून आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या घासायला लागल्या की गंज असा बाहेर पडतो. ही पूड दिसली की माझ्या मते विचार करत बसायचं काम नाही.

पेच पुढच्या क्रॉसचा होता. त्याला प्ले अजिबात नव्हता.

मिरजेत ज्या मेकॅनिक चाचांकडे मी कायम जातो, त्यांनी शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर आणि स्प्लाइनवर पंचने खुणा मारल्या. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा एका बाजूचा वेग एकसारखा असला, तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. दुसरा क्रॉस तो फरक मारतो, पण दोघांची तोंडं नीट जुळलेली असली तरच. स्प्लाइन चुकीच्या घरात बसली तर नव्या क्रॉसनेही गाडी थरथरते.

शाफ्ट बाकड्यावर आल्यावर चाचांनी पुढचा जॉइंट माझ्या हातात दिला. “मालक, हलवून बघा.” डावीकडे-उजवीकडे सहज फिरत होता, पण सरळ रेषेत आला की किंचित बसायचा, तिथून काढायला जरा जोर लागायचा. क्रॉस कायम त्याच कोनात चालतो, मग सुया एकाच जागी खाचा पाडतात. प्ले नसलेला क्रॉसही असा आतून गेलेला असतो आणि हे शाफ्ट उतरवल्याशिवाय हाताला कळत नाही.

दोन्ही बदलले. शाफ्ट एकदा खाली आला की दुसऱ्या क्रॉसची जादा मजुरी फारशी राहत नाही. शिवाय पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यावर पडतं. वेगात ते खड्ड्यात रुतलं तर मागून गाडी उचलली जाऊ शकते. मागे बसलेली माणसं असतात आपल्याकडे; तिथे काटकसर मला पटत नाही.

जुना क्रॉस निघाल्यावर त्याच्या एका दांडीवर सुयांच्या रेघा उमटलेल्या दिसल्या, नखाला लागतील इतक्या खोल. नवीन बसवताना चाचांनी प्रत्येक कपात सुया ग्रीसने चिकटवून मगच कप दाबला, कारण एक सुई आडवी पडली तरी कप धरून ठेवणारं लॉक घरात बसत नाही.

एक सांगतो, सीलबंद क्रॉस मिळतात, पण त्यांना नंतर ग्रीस मारता येत नाही. आमच्या पाणंदीच्या चिखला-पाण्याला मी निपलवालेच (ग्रीस भरायचं तोंड असलेले) घेतले आणि बसवतानाच ग्रीस गन पोचेल अशा बाजूला निपल ठेवायला लावलं. आता ग्रीस मारताना चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत पंप थांबवत नाही. एखाद्या कपातून आलं नाही, तर हँडलने शाफ्ट थोडा हलवून पुन्हा मारतो.