दर्या की दऱ्या

गुढीपाडव्याला पाच दिवस होते. सकाळी पावणेसातला मी खळ्यात चहा घेऊन बसलेले आणि खूप दिवसांनी डोकं एकदम हलकं होतं, कारण कुडाळच्या प्रेसवाल्या दादांनी रात्री फोटो पाठवला होता, पिवळा, लाल, निळा तिन्ही कलर झाले, काळा उद्या दुपारी चढवतो म्हणून. दोन हजार शीट होत्या. देवगडकडच्या एका बागायतदार काकांचे हापूसचे एक डझनाचे बॉक्स. काका आजवर पेट्या वाशीला दलालाकडे पाठवायचे, यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने थेट गिऱ्हाइकाला आंबा देणार होते, त्यासाठी कर्ज काढलेलं, आणि पहिला माल पाडव्याला निघायलाच हवा होता. त्या बॉक्सवर मी महिनाभर बसले होते. म्हटलं आता दाखवायला हरकत नाही, आणि आमच्या अक्षरं काढणाऱ्यांच्या ग्रुपवर फायनल डिझाईन टाकलं.

अंगठे आले, बदाम आले. सात वाजून गेले तेव्हा रत्नागिरीच्या आबांचा मेसेज आला. आबा म्हणजे रिटायर्ड कंपोझिटर, छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात हयात गेलेली, नातवाने दोन वर्षांपूर्वी ग्रुपमध्ये ॲड केलेलं आणि दोन वर्षांत त्यांनी एक अक्षर टाइप केलं नव्हतं. मला तर वाटायचं त्यांनी ग्रुप म्यूट केलाय. त्यांनी माझ्याच बॉक्सचा फोटो परत पाठवला होता, दोन ठिकाणी लाल गोल, आणि खाली लिहिलेलं, "हा अर्धा र येथे बसत नाही. दर्या पाहिजे. दऱ्या डोंगरात असतात. खाली निर्यातही पाहणे."

मी झूम केलं. वर मोठ्या अक्षरात, दऱ्याकाठच्या कलमांचा देवगड हापूस. खाली पट्टीवर, निऱ्यात दर्जा. निऱ्यात! साडीच्या निऱ्या असतात त्या! माझे हातपाय गार पडले. चहाचा कप कुठे ठेवला तेही आठवत नाही.

चूक कुणाची ते मला लगेच कळलं, माझीच. काकांच्या मुलाने मजकूर फोनवर टाइप करून पाठवलेला, त्यात एक ओळ होती, "खाऱ्या वाऱ्यावर पोसलेला". आता हा ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. दुसरी म्हणजे साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. बरेच कीबोर्ड दुसरी पद्धत वापरतात आणि ते चिन्ह डोळ्यांना दिसतच नसल्यामुळे मजकूर या ॲपमधून त्या ॲपमध्ये कॉपी होताना कधीकधी गळून पडतं. तसंच झालं. माझ्याकडे आला तेव्हा तो "खार्या वार्यावर" झालेला, रफार डोक्यावर चढलेला. हे मी पकडलं बरं का. पण रात्रीचे दीड वाजलेले, डोळे चुरचुरत होते, मी एकेक शब्द बघायच्या ऐवजी फाईंड-रिप्लेस लावलं, सगळ्या र्य चे ऱ्य करून टाकले. वारा सुधारला आणि दर्या बिघडला. मग सगळं टेक्स्ट आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवलं, म्हणजे प्रेसमध्ये कुणाला ते सुधारताही येणार नाही. आणि काकांनी पीडीएफ पाहून ओके दिलं होतं, पण त्यांनी पाहिला आंब्याचा रंग, अक्षरं बघायची जबाबदारी माझी होती.

इथे ग्रुपबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी मुंबईची एजन्सीची नोकरी सुटल्यावर मालवणला घरी आले. इथे काम होतं, लेबलं, बोर्ड, होमस्टेचे लोगो, पण विचारायला माणूस नव्हता. किती पैसे सांगायचे, फाईल कशी द्यायची, ॲडव्हान्स मागितला तर गिऱ्हाईक तुटेल का, सगळं एकटीने. म्हणून मी रोज एक आपल्याकडचा शब्द अक्षरांत काढून टाकायला लागले. रापण, मांगर, व्हाळ, तिरफळ, वायंगण. लोकांना म्हटलं तुम्हीही काढा. अकरा जण आले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात इथे कित्येक दिवस लाईट नव्हती तेव्हा तोच ग्रुप चार्जिंग कुठे मिळेल, रेंज कुठल्या टेकडीवर येते हे सांगायच्या कामी आला, आणि तेव्हापासून माणसं टिकली. पण खरा फरक पडला तो रविवारमुळे. रविवारी फक्त फसलेलं काम टाकायचं, असा नियम मी केला आणि पहिले सहा रविवार माझंच फसलेलं टाकलं, कारण दुसरं कुणी धजत नव्हतं. सुंदर काम बघून लोक "छान" म्हणतात आणि जातात. फसलेलं टाकलं की थांबतात, विचारतात, आपलं पण सांगतात. दरही उघड बोलायचे हा दुसरा नियम. त्यावरून दोन जण भांडून सोडून गेले पण नियम मी बदलला नाही.

तर त्या सकाळी मी रविवारची वाट बघितली नाही. ग्रुपवर जसंच्या तसं लिहिलं, चूक माझी आहे, दोन हजार शीटवर तीन कलर झालेत, दुपारी काळा चढणार, काय करू.

प्रेसवाल्या दादांचा फोन लागत नव्हता, ते रात्रपाळी करून झोपतात. मी ॲक्टिव्हा काढली आणि चौके, धामापूर करत कुडाळला निघाले. धामापूरच्या तलावाजवळ थांबून फोन पाहिला तर नव्वदच्या वर मेसेज. सगळ्यात वर वेंगुर्ल्याच्या एका ताईचं, "मजकूर सगळा काळ्यातच आहे ना?" आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आधीच्या डिझाईनमध्ये ती पट्टी हिरवी होती आणि अक्षरं पांढरी. पण दिवाळीआधीच्या एका रविवारी सावंतवाडीच्या एका मुलाने त्याचं काजूचं फसलेलं लेबल टाकलेलं, सिंगल कलर मशीनवर चार वेळा कागद फिरतो, केसभर जरी सरकला तरी पांढऱ्या बारीक अक्षरात रंगाची झालर येते. ते पाहून मी सगळा मजकूर पिवळ्यावर निव्वळ काळा केला होता. म्हणजे छापून झालेल्या तीन रंगांत एकही अक्षर नव्हतं. शीट वाया गेलेल्या नव्हत्या. फक्त काळ्याची प्लेट, म्हणजे ज्या पत्र्यावरून तो रंग छापतात ती, बदलायची होती.

प्रेसला पोचले, दादांना उठवलं. त्यांनी शांतपणे शीट उजेडात धरली, आंबा, समुद्र, पिवळी पट्टी, अक्षरांच्या जागी कोरं. म्हणाले, "प्लेट कोल्हापुरास्न येता गो. कुरियरन उद्या संध्याकाळी. मगे पेस्टिंग, पंचिंग. पाडव्याक नाय गावायचे बॉक्स." मला रडू यायला लागलं होतं.

आणि तेवढ्यात ग्रुपवर कणकवलीची एक मुलगी, कोल्हापूरला शिकते, वर्षभर फक्त रोजचा शब्द काढून टाकायची, बाकी काही बोलायची नाही, तिने लिहिलं, "ताई प्लेट कुठे बनते पत्ता द्या, मी घेऊन एसटीने येते." मी तिला कधी भेटले नव्हते. तिचा चेहराही माहीत नव्हता. तिचं अक्षर माहीत होतं फक्त, ण ची गाठ ती फार सुंदर मारते.

आता फाईल. प्रेसच्या कॉम्प्युटरवर बसून मी मजकूर नव्याने टाइप केला, कुठूनही कॉपी नाही. पण मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून तो मोठ्ठा करून ग्रुपवर टाकला, एकेक शब्द वाचा म्हटलं. वीस मिनिटांत इतक्या जणांनी वाचलं. एकाने पकडलं की मागच्या बाजूला पत्त्यात मी सिंधूदुर्ग लिहिलंय, धु ऱ्हस्व पाहिजे. म्हणजे तीही चूक छापून गेली असती! एकीने विचारलं ल कुठला लागलाय बघ, दांड्याचा लागलाय, आपला पाकळीचा पाहिजे. फॉन्टमध्ये दोन्ही असतात, भाषा मराठी निवडली नाही तर हिंदीचं वळण येतं, आणि प्रेसच्या कॉम्प्युटरवर भाषा निवडलेली नव्हती. आणि काजूचा कारखाना असलेल्या एका दादांनी जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं विचारलं. आपल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, पण ते चिन्ह कुणीही छापायचं नाही, बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, काकांची आहे का? मी हे आधी विचारलेलं होतं, होती, सर्टिफिकेटचा फोटो माझ्याकडे होता. ते एक तरी माझं बरोबर निघालं.

आबांनी सगळ्यात शेवटी लिहिलं, "आता बरोबर. सोडा."

काकांना फोन करणं मी टाळत होते, पण ते त्यांना दुसऱ्याकडून कळणं वाईट. सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही, मागे माणसांचा आवाज, तोड चालू असावी. मग म्हणाले, "दर्याक दऱ्या लिवलंस काय गो? आणि माका पण नाय दिसला ता." मी म्हटलं काका नवीन प्लेटचे पैसे माझे. ते म्हणाले, "पैशाचा मगे बघू. माका पाडव्याक बॉक्स व्हये." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं असं वाटलं मला.

अकराच्या आसपास कोल्हापुरात प्लेट तयार झाली. त्या मुलीने फोटो पाठवला. ॲल्युमिनियमची प्लेट, वर्तमानपत्राच्या पानाएवढी, दोन पुठ्ठ्यांमध्ये सुतळीने बांधलेली, आणि ती मांडीवर आडवी घेऊन ही खिडकीशी बसलेली. प्लेटला एक मोड आली की संपलं, मोडीच्या जागी रेघ छापते. फोंडा घाटातली वळणं आठवून मी प्रेसच्या ओट्यावर नुसती येरझाऱ्या घालत होते. घाटात रेंज गेली, दीड तास तिचा काहीच पत्ता नाही. दादा दोनदा चहा घेऊन आले. तेही थांबले होते, मशीन दुसऱ्या कामाला लावलं नाही, वेळ त्यांचाही जात होता पण त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही माझ्यासमोर.

साडेतीनला कणकवली स्टँडवर आमच्यातलाच एक साईनबोर्ड पेंटर दादा बाईक घेऊन उभा होता. तिला मागे बसवून, प्लेट दोघांच्या मधे उभी धरून, महामार्गाने सव्वाचारला कुडाळ. ती उतरली तेव्हा हात अवघडून बोटं सरळ होत नव्हती तिची. बारीकशी मुलगी, चष्मा. म्हणाली, "ताई, वाकली नाहीये, बघा तुम्ही." मी आधी तिलाच मिठी मारली.

दादांनी प्लेट चढवली. पहिल्या पाच-सहा शीट फिक्या जातात, शाई बसेपर्यंत. मग एक आली ती त्यांनी माझ्या हातात दिली. ओली शाई, रॉकेलसारखा वास. दर्याकाठच्या कलमांचा देवगड हापूस. रफार बरोबर या च्या डोक्यावर. खाऱ्या वाऱ्यावर पोसलेला, त्यातला अर्धा ऱ चंद्रकोरीसारखा वळून य ला टेकलेला. मी प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं, शाई लागली बोटाला. फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली कोणकोण होतं त्या सगळ्यांना टॅग केलं, नव्वद मेसेज परत वाचून, कुणी राहू नये म्हणून.

आबांना रात्री फोन केला. पहिल्यांदाच बोलत होतो आम्ही. विचारलं, दोन वर्षं काहीच कसं लिहिलं नाहीत? म्हणाले, "अहो, तुम्ही मुलं नवीन नवीन करता, मी त्यात काय बोलणार. बघत होतो रोज. आज ते बघवेना." आणि मग त्यांनी एक फोटो पाठवला. तळहातावर शिशाचा एक खिळा, काळा पडलेला, टोकाला उलटा अर्धा ऱ. प्रेस बंद झालं तेव्हा खिळ्यांच्या केसमधून आठवण म्हणून एकच उचलला म्हणाले, कारण हा खिळा कायम कमी पडायचा, जुळवताना शेजारच्या कंपोझिटरकडून मागून आणायला लागायचा.

बॉक्स पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी देवगडला पोचले. काकांनी भरलेल्या पहिल्या बॉक्सचा फोटो पाठवला आणि प्लेटचे अर्धे पैसेही पाठवले, मी नको म्हटलं तरी.

प्लेट आली त्या दिवशी रात्री घरी आल्याबरोबर मी जेवणसुद्धा न करता झोपले. रोजचा शब्द टाकायचा राहिला. इतक्या वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता, ताप असला तरी मी झोपायच्या आधी टाकायचे. सकाळी दचकून उठले आणि फोन उघडला, तर शब्द रात्रीच टाकलेला होता, त्या कणकवलीच्या मुलीने. "निऱ्या". खाली सतरा जणांनी काढून टाकलेलं. सतरावं आबांच्या नातवाच्या वहीच्या रेघी पानावर, पेन्सिलने, थरथरत्या हाताचं.