बाद आणि बाज

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातून समुद्राच्या कडेकडेने पश्चिमेला निघाले की कॉनेमारा प्रदेशाची जी किनारपट्टी लागते, तिला आयरिशमध्ये ‘कोश आरिग्ये’, म्हणजे समुद्रकाठ, असे म्हणतात. दुसऱ्या शब्दाच्या आरंभी कागदावर ‘फ’ असतो. पण त्याच्यापुढे लिहिलेला ‘ह’ त्याला पार मुका करून टाकतो. तोमास द वॉल्द्रिहे यांचा इथल्या बोलीच्या ध्वनींवरचा ग्रंथ १९४५ मध्ये डब्लिनला प्रसिद्ध झाला. मी मात्र ध्वनिमुद्रणे ऐकत, देवनागरीत टिपणे काढत या बोलीपाशी पोहोचले.

वहीच्या पहिल्याच पानावर दोन शब्द आहेत : होडी म्हणजे ‘बाद’ आणि होड्या म्हणजे ‘बाज’. हे लिहिताना मला जो अभिमान वाटला, तो फार टिकला नाही, कारण आयरिश माणसाच्या लेखी दोन्हींच्या शेवटी एकच अक्षर आहे. त्या भाषेत बहुतेक प्रत्येक व्यंजनाची ‘रुंद’ आणि ‘सडपातळ’ अशी जोडी असते. होडीचा रुंद ‘द’ आपल्या ‘द’सारखाच दातांना टेकतो, मात्र जिभेचा मागचा भाग वर उचललेला राहिल्याने तो जडसर वाटतो, होड्यांच्या सडपातळ ‘द’ला जीभ टाळूकडे सरकते आणि ‘द’ व ‘ज’ यांच्या मधोमध, घर्षणाशिवाय, एक ध्वनी उमटतो. शब्दाच्या शेवटी कोणताही प्रत्यय न लागता, केवळ जिभेच्या एवढ्याशा हालचालीने, एका होडीच्या अनेक होड्या होतात. गाईचा ‘बो’ आणि ‘जिवंत’ या अर्थाचा ‘ब्यो’ यांतला फरक त्यामानाने सोपा, कारण तिथे ‘य’ची पुसट छटा कानाला धरता येते.

खरे तर मराठी माणसाने याचे नवल करू नये. ‘त्याचा’ म्हणताना दातांजवळ असलेला ‘च’ ‘त्याची’ म्हणताना टाळूला जातो, आणि ‘जरा थांब’मधला ‘जरा’ व म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ आपण एकसारख्याच लिहितो. आयरिश लिपी निदान खूण तरी ठेवते : व्यंजनाशेजारी एखादा स्वर उभा असतो, पुष्कळदा स्वतः उच्चारला न जाता, केवळ ते व्यंजन रुंद की सडपातळ हे सांगण्यासाठी.

परवा आईने माझी वही उघडली, पहिले पान वाचले आणि विचारले, “बाज म्हणजे खाट ना गं? तिला होड्या कधीपासून म्हणायला लागले?”