दुधाच्या वहीतला नंबर

मी रजिस्टर्ड भाडेकरार करून देते. लॅपटॉप, वेबकॅम आणि थम्ब मशीन घेऊन घरोघरी जायचं, मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदारांचे फोटो-अंगठे घ्यायचे, ऑनलाइन नोंदणी लावून द्यायची. माझी बरीच गिऱ्हाइकं पेठांमधली आहेत. रविवार पेठ, गणेश पेठ, सोमवार पेठ या भागात सोन्याचं काम करणारे बंगाली कारागीर वर्षानुवर्षं राहतात. हुगळी, मेदिनीपूर, हावडा अशा जिल्ह्यांतून आलेले. पुण्यात लग्नकार्याला जे दागिने मिरवले जातात, त्यातल्या कितीतरी दागिन्यांवरून यांचा हात फिरलेला असतो.

या लोकांचा अंगठा घेणं हे कष्टाचं काम. ॲसिड, कानस आणि पॉलिश यांनी बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या असतात. मशीन घेतच नाही. मग ओल्या फडक्यानं बोट पुसायचं, कपाळावर घासून जरा तेलकट करायचं आणि पुन्हा दाबायचं. सोमवार पेठेतल्या एका काकूंच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोन चुलतभाऊ राहायला आले, तेव्हा थोरल्याचा अंगठा घेताना असाच घाम फुटला होता. तो कामावरून उठून आला आणि आधी कोपऱ्यातल्या बादलीत हात धुतले. मी विचारलं, हे पाणी टाकत का नाही? म्हणाला, "दीदी, इसमें सोना है." हाताला चिकटलेले कण त्या पाण्यात उतरतात, गाळ साठवून ते परत काढून घेतात.

2025 च्या पावसाळ्यात वातावरण वाईट होतं. जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही कामगारांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं होतं. कागद पटल्यावर त्यांना परत आणावं लागलं. त्यातला एक मुर्शिदाबादचा गवंडी ठाणे जिल्ह्यात पकडला गेला होता. जुलैअखेरीस तर आपल्या पुण्यातल्या चंदननगरमध्ये, कारगिल युद्धात लढलेल्या निवृत्त सैनिकाच्या कुटुंबाच्या घरी रात्री जमाव शिरला आणि भारतीय असल्याचे पुरावे मागू लागला. सैनिकाच्या घरची ही गत, तर वरच्या मजल्यावरच्या कारागिराला कोण विचारतो?

त्यानंतर थोड्याच दिवसांत संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अगं, वरच्या दोघांना पोलीस घेऊन गेले. कुणीतरी सांगितलंय, बांगलादेशी आहेत म्हणून. भात तसाच ताटात आहे." मी कराराची छापील प्रत घेतली, भाडेकरूंची माहिती पोलिसांना ऑनलाइन दिल्याची पावती घेतली आणि वाड्यावर गेले. काकू सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी त्रस्त. मुलगा बाणेरहून फोनवर ओरडत होता, "आई, तू या लचांडात पडू नकोस." काकूंनी फोन माझ्याकडे दिला आणि चपला घातल्या.

चौकीवर दोघं बाकावर बसलेले. फोन काढून घेतलेले. सगळी अडचण तिथेच होती. कागदांचे फोटो फोनमध्ये, घरच्यांचे नंबरही फोनमध्येच. साहेब म्हणाले, "आधार आहे, पण आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही." ते खरंच आहे, आधार कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. पण तक्रार काय होती? एवढीच, की हे बंगालीत बोलतात. बंगाली आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीतली भाषा आहे, मराठीच्याच शेजारी. आणि जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आसामच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितलंय, की हाताशी काही ठोस माहिती नसताना कुणालाही उचलून 'तू परदेशी नाहीस हे सिद्ध कर' म्हणता येत नाही. मी तिथे हे सगळं बोलले नाही. चौकीत कायदा शिकवायला गेलं की माणसं बिथरतात, हा माझा अनुभव आहे. मी एकच विचारलं, "साहेब, अटक आहे की चौकशी? अटक असेल तर मेमोवर साक्षीदार म्हणून काकूंची सही घ्या."

हे मी मनाचं सांगत नव्हते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 प्रमाणे अटकेच्या मेमोवर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. अटकेची कारणं सांगायची, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हेही कायद्यात आहे. ज्याचं घर मेदिनीपूरला आहे त्याच्या बाजूनं रात्री आठ वाजता पुण्यात कोण सही करणार? शेजारीच. कायद्यानं शेजाऱ्यासाठी ती जागा ठेवलेली आहे, पण आपण तिथे जाऊन उभेच राहत नाही.

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मी ओळखते यांना. धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा पेज करून वर पाठवलीय मी." आणि पिशवीतून दुधाच्या हिशेबाची वही काढली. त्या आजारपणातच त्याच्या आईचा नंबर त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. त्या एका नंबरावर पुढचं सगळं हललं. आईला मराठी येत नाही, आम्हाला बंगाली नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका जुन्या कारागिराला बोलावलं, तो पुण्यात राहून पक्का पुणेकर झालेला. त्यानं तिच्याशी बोलून धाकट्याचं माध्यमिक परीक्षेचं प्रवेशपत्र, वडिलांच्या नावचा जमिनीचा कागद आणि जुन्या मतदारयादीतलं पान मागवून घेतलं. फोटो माझ्या फोनवर येत होते, तो वाचून साहेबांना मराठीत समजावत होता. ज्यांच्याकडे हे दोघं काम करतात ते शेठ आधी "सकाळी बघू" म्हणाले होते. काकू चौकीत बसल्यात हे कळल्यावर तेही आले. दरम्यान मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या ओळखीच्या वकिलांना फोन करून ठेवला होता. ताब्यातल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 15100 हा त्यांचा नंबर.

मध्यरात्रीच्या आसपास दोघांना सोडलं, मूळ कागद घेऊन पुन्हा या, असं सांगून. पुढे काही चकरा झाल्या, गावच्या पोलिसांकडून खात्री झाली, विषय मिटला. कागदावर.

धाकटा मात्र त्या आठवड्यातच गावी गेला. रात्री जिन्यात पावलं वाजली की उठून बसायचा, असं थोरल्यानं सांगितलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. याचा मला अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

एक मात्र मी आता प्रत्येक मालकाला सांगते. बाहेरगावच्या मुलांना तोंडी खोली देऊ नका. लेखी, नोंदवलेला करार करणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार मालकाचीच जबाबदारी आहे. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक आणि शहरात 1000 रुपये नोंदणी फी, एवढ्यासाठी लोक टाळाटाळ करतात. त्या रात्री हे दोघं किती वर्षं, कुठे राहतात, हे त्या कराराशिवाय सांगताच आलं नसतं. आणि करार झाला की भाडेकरूच्या गावचा एक नंबर मालकानं स्वतःच्या हातानं वहीत लिहून घ्यायचा. मोबाइलमध्ये नको, वहीत. मी समोर बसून लिहायला लावते. काहीजण हसतात, पण लिहितात.

करार संपत आलाय. काकूंनी परवाच निरोप दिला, नव्या करारात धाकट्याचं नाव ठेवायचं, काढायचं नाही. मी म्हटलं, "काकू, अंगठा द्यायला त्याला इथे यावं लागेल." त्या म्हणाल्या, "मग त्याच्या आईला फोन लाव. मी बोलते."