सातवा ट्रॅक

कपाटात ठेवलेली ही कॅसेट पाहून कुणालाही वाटेल, कुणाच्या तरी लग्नाची आहे. अलेसिस कंपनीचं एडॅट हे ध्वनिमुद्रण यंत्र 1992 साली बाजारात आलं, ते खरोखरच व्हीसीआरची एस-व्हीएचएस कॅसेट वापरत असे. 16 बिट डिजिटल आवाज, आठ वेगळे ट्रॅक (म्हणजे एकेका वाद्याचा किंवा गळ्याचा आवाज स्वतंत्र), तेही मोठ्या स्टुडिओतल्या यंत्रांपेक्षा कितीतरी स्वस्तात. टेप मात्र व्हीसीआरच्या तिप्पट वेगानं पळायची, म्हणून 120 मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम 40 मिनिटं मावत.

ओळखीच्या एका भजनी मंडळाच्या अशा कॅसेट सध्या संगणकावर उतरवतोय. आधी बुरशी बघायची. दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालायचीच नाही. बाकीच्या एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळायच्या. मग मागच्या ऑप्टिकल सॉकेटातून एक बारीक केबल जोडली, की तेवढ्या एका तारेतून आठही ट्रॅक सुटे सुटे येतात. घड्याळ, म्हणजे डिजिटल आवाज मोजण्याची लय, एडॅटचं मानायचं, संगणकानं निमूट त्याच्यामागे चालायचं. दोघांनी आपापली लय धरली तर आवाजात टिकटिक सुरू होते.

घाई चालत नाही. 40 मिनिटांच्या टेपला 40 मिनिटं. मग काय, बाकीचे बंद ठेवून एकेक ट्रॅक सोलो ऐकत बसतो. पहिल्यावर बुवा, पुढे पेटी, पखवाजाच्या दोन बाजू दोन ट्रॅकवर. सातव्यावर टाळ.

बाजारात आलेल्या कॅसेटमध्ये हा टाळ म्हणजे मागे कुठेतरी किणकिण. इथे तो एकटा आहे, बुवा लांबून, शेजारच्या घरातून ऐकू यावेत तसे. आणि लक्षात येतं, की आलाप लांबला की बुवा समेवर थोडे लवकरच येतात. दर वेळी. टाळकरी तिथे आधीच हजर असतो. बुवांच्या श्वासावरूनच त्याला कळत असावं. एकदा तर तो हळूच "हं" म्हणतो आणि अख्खा पखवाज सावरतो. बुवांची लय पक्की, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो! कॅसेटच्या वेष्टनावर त्यांचं नाव ठळक, टाळकरी 'आणि सहकारी'त.

ट्रॅकच्या कागदावरही नुसतं '7 – टाळ'. मंडळात विचारलं, तर दोन नावं पुढे आली आणि आता त्यावरून वाद पेटलाय. सध्या फाइलचं नाव 'टाळ-07' ठेवलंय.