लेकराच्या वजनाचं पत्र

शाळेत वजन केलं तेव्हा माझ्या मोठ्या लेकीचं वजन तिच्या वयाच्या मानानं जास्त भरलं, असं इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या, आरोग्य खात्यानं मला पत्र पाठवून कळवलं. पत्राची भाषा अगदी गोड, सोबत भाज्या-फळांचं माहितीपत्रक. पण माझं डोकं सणकलं ते सणकलंच. आमच्या परभणीकडं अंगणवाडीत लेकराला झोळीत टांगून सगळ्या आयाबायांसमोर वजन करतात आणि काटा पुढं सरकला की ताईच खूश होतात. वजन वाढलं म्हणून घरी चिठ्ठी येते, हे आईला फोनवर सांगायचं कसं? सांगितलं तर म्हणाली, "लेकरं कामून मोजायलेत? शाळेला दुसरं काम न्हाई का?"

माझी आई १९७२ च्या दुष्काळात माझ्या मोठीएवढीच होती. लाल मिलोच्या भाकरी आणि खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी, यांवर त्यांच्या घरानं ते वर्ष काढलं. अशा बाईला भरलेलं अंग बघून बरं वाटणार नाही तर काय वाटेल? व्हिडिओ कॉल लागला की पहिलं वाक्य, "पार वाळलीस की गं!" बाकीची चौकशी नंतर. (मी वाळलेली नसते, हे वेगळं सांगायला नको.)

इंग्लंडमध्ये शाळेतली चार-पाच वर्षांची आणि दहा-अकरा वर्षांची मुलं मोजायची पद्धत २००५-०६ पासून आहे. कसं मोजतात, याबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. आडोशाला, एकेकट्याला, आणि आकडा मुलाला सांगायचा नाही. नको असेल तर पालकांना आधीच नकार कळवता येतो. आमच्या शाळेत पीटीचे सर काट्यावरचा आकडा मैदानभर ऐकू जाईल असा ओरडायचे आणि मॉनिटर लिहून घ्यायचा. त्यावरून पडलेली नावं काहींना लग्नाच्या मांडवापर्यंत पुरली.

पण आकडा झाकला म्हणून मुलं गप्प बसतात होय? पत्रं घरोघर पोचली त्याच आठवड्यात पोरींनी एकमेकींना विचारून सगळा निकाल लावला, आणि मोठीनं भाकरीवरचं तूप बंद केलं. हॉटेलात गेलो की ती पदार्थाच्या नावाआधी त्याच्या कॅलरी वाचते. एप्रिल २०२२ पासून इंग्लंडातल्या मोठ्या हॉटेलांना त्या मेनूवर छापाव्याच लागतात. एकीकडं मुलांच्या मनाला जपा म्हणायचं, दुसरीकडं पिझ्झ्याखाली आकडा. त्याच्या आदल्याच वर्षी इथल्या संसदेच्या एका समितीनं शरीरप्रतिमेवरच्या अहवालात सांगितलं होतं, की माणसाच्या तब्येतीचं माप म्हणून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, वापरणं थांबवा. ऐकतो कोण! आम्हाला मागास म्हणायला हे मोकळे.

मग मी पुरावे शोधायला बसले. मला एवढंच हवं होतं, की मुलांचा बीएमआय ज्याच्याशी ताडून बघतात तो १९९० सालच्या ब्रिटिश मुलांवरून बेतलेला तक्ता आमच्या लेकरांना लागू पडत नाही. सापडलं, पण उलटं. दक्षिण आशियाई मुलांच्या अंगातली चरबी बीएमआय कमीच दाखवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर हे बाळांमध्येच दाखवून दिलंय. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगावर मांस कमी, चरबी मात्र त्या मानानं शाबूत. हा मुद्दा मी नवऱ्याला सांगितला नाही.

दुसरा आधार आईचा होता. आपल्याकडं अंगावरून बोलतात ते मायेनं, त्यानं काही बिघडत नाही, असं मी इथल्या मैत्रिणींना छातीठोकपणे सांगत असते. त्याला आडवं आलं फिजी, पॅसिफिक महासागरातला बेटांचा देश. अ‍ॅन बेकर या हार्वर्डच्या संशोधिकेनं तिथं काम केलं. रीत अगदी आपली: आग्रहानं वाढायचं, भरल्या अंगाचं कौतुक, कुणी वाळलं की नातेवाइकांना घोर. १९९५ मध्ये त्या भागात टीव्ही नुकताच आला होता. तेव्हा शाळकरी मुलींपैकी १२.७ टक्के मुलींची खाण्याबद्दलच्या प्रश्नावलीतली उत्तरं काळजी करण्यासारखी होती. १९९८ मध्ये त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना विचारलं, तर २९.२ टक्के. मुली दोन्ही वेळा साठ-पासष्टच होत्या हे खरं, पण तीन वर्षांत एवढं? आणि मायेनं बोलणाऱ्या मावश्या-आत्या तर तिथं होत्याच की.

हे मुलींपुरतंही नाही. लातूरला नीटच्या क्लाससाठी राहिलेला माझा भाचा मेसच्या डब्याइतकेच पैसे प्रोटीनच्या डब्यावर घालतो. पोरांना बारीक नाही, पिळदार व्हायचं असतं. त्यासाठीची वेगळी प्रश्नावली संशोधकांनी २००० सालीच केली आहे. त्याच्या आईला वाटतं, पोरगं तब्येत राखून आहे.

घरातल्या बोलण्यावरही काम झालंय. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलं, की जिथं आईवडील मुलांच्या वजनावर बोलतात, तिथली किशोरवयीन मुलं डाएट आणि वजन उतरवायच्या वाईट सवयींकडं जास्त वळलेली दिसली. बोलणं नुसतं पौष्टिक खाण्याबद्दल असलं, तर कमी. त्यात बापांचं बोलणंही तपासलंय, हे मात्र नवऱ्याला लगेच सांगितलं.

आईला म्हटलं, मोठीशी वजनाचं काही बोलू नकोस, 'वाळलीस' सुद्धा नको. "मग काय बोलू, पाऊस पडला का इचारू?" खाण्याचं विचार, ते चालतं. त्यावर ती रुसली. नातीला डोळे भरून बघून दोन शब्द बोलायचे, त्यावरही परदेशातल्या डॉक्टरांची परवानगी लागणार, असं तिनं मावशीला फोन करून सांगितल्याचं मला मावशीकडून कळलं. मला तिचा राग आला नाही. दुष्काळ या संशोधकांनी पाहिला नाही, तिनं पाहिलाय.

धाकटा सप्टेंबरात शाळेत जाईल, मग त्याचीही मोजणी येईल. नवऱ्याचं म्हणणं, सरळ नकार कळवून टाकू. मी ऐकणार नाही. आमच्या दोन्ही घरांत शुगर आहे, आकडा मला हवाय. फक्त ते पत्र फ्रिजवर लागणार नाही, माझ्या ऑफिसच्या बॅगेत राहील.