पटावरून कमी केलेले नाव

गेल्या महिन्यात एका परिविक्षा अधिकाऱ्यांचा (प्रोबेशन ऑफिसर) फोन आला. बालाघाटच्या डोंगरातील एका गावात मी बरीच वर्षे शिक्षक होतो. तिथला माझा एक जुना विद्यार्थी, आता सोळा वर्षांचा, मोटारसायकल चोरीच्या प्रकरणात बाल न्याय मंडळापुढे आला होता आणि त्याचा सामाजिक तपास अहवाल त्यांना तयार करायचा होता. मुलगा हुशार होता, असे मी सांगितले. "मग शाळा का सुटली?" या प्रश्नावर मात्र मी अडखळलो, कारण सहावीच्या हजेरीपटावर 'सतत गैरहजर' हा शेरा लिहून त्याचे नाव कमी करणारा मीच होतो.

तो तिसरीत असताना एकदा फळा पुसण्यासाठी मी हात वर केला आणि पहिल्या रांगेतल्या या पोराने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. वर्ग हसला. "अरे, मारत नाही तुला," एवढे बोलून मी गणित पुढे शिकवू लागलो. त्याचे वडील दारू पिऊन आईला मारतात आणि मध्ये पडला तर यालाही मारतात, हे गावात सर्वांना ठाऊक होते. मलाही होते.

आईवडील दसऱ्यानंतर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला कोयता घेऊन ऊसतोडीला जात, तेव्हा तो आजीजवळ राहत असे. चौथीत आजी गेली. त्यानंतर हंगामाचे पाच-सहा महिने तो टोळीबरोबर जाऊ लागला. आईवडील पहाटेच फडात गेले की उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, दीड वर्षाच्या बहिणीला सांभाळायचे, पाणी आणायचे, भाकरी थापायच्या, ही त्याची कामे होती.

बालपणातील अशा आघातांवर व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत मोठा अभ्यास केला असून त्याचे पहिले निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, आईला होणारी मारहाण, घरातल्या कुणाचा तुरुंगवास अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पटींनी अधिक आढळला. हृदयविकारासारखे आजारही अशा अनुभवांच्या संख्येबरोबर वाढत गेलेले दिसले. जे मूल सतत मार चुकवण्याच्या तयारीत बसलेले असते, त्याचे लक्ष पाढ्यांवर कसे राहणार?

गुन्ह्यांबाबत कॅथी स्पॅट्झ विडम यांचा 1989 चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. लहानपणी अत्याचार किंवा हेळसांड झाल्याची न्यायालयात नोंद असलेल्या 908 मुलांपैकी सुमारे 26 टक्के मुलांना अल्पवयातच अटक झाली होती, तर तशी नोंद नसलेल्या तुलनेच्या गटात हे प्रमाण सुमारे 17 टक्के होते. हा फरक मोठा आहे. पण सोसलेल्या मुलांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांना त्या वयात अटक झालीच नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून "ऊसतोड्यांची पोरं अशीच निघतात" हे वाक्य कानावर आले की मला संताप येतो. याच गावांतून शिक्षक, परिचारिका आणि पोलीस शिपाई झालेली मुले मी पाहिली आहेत. पोटासाठी लेकरांना बरोबर न्यावे लागणे आणि लेकरांना मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवाई बेटांतील काउआई येथे 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके केला. त्यात अतिशय खडतर परिस्थितीतली सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, मायाळू माणसे झाली, आणि अशा मुलांना बहुधा निदान एक तरी जिवाभावाचे मोठे माणूस लाभलेले होते. ते वाचताना मला माझ्या त्या विद्यार्थ्याची आजी आठवली. ती गेल्यावर त्या जागी मला उभे राहता आले असते. आईवडील ऊसतोडीला गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावे यासाठीच्या हंगामी वसतिगृहाची सोय गावात होऊ शकत होती, पण मी त्यासाठी त्याच्या घरी एकदाही गेलो नाही.

2015 चा बाल न्याय कायदा अशा मुलाला गुन्हेगार म्हणत नाही, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. त्याची ओळख उघड करण्यास मनाई करतो. गावाने मात्र त्याला केव्हाच चोर ठरवले आहे. जामिनावर सुटल्यावर मी त्याला भेटलो. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसला आणि मग म्हणाला, "गुर्जी, माझं नाव हाय का अजून शाळंत?"

सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून दहावीला बसता येईल, असे मी त्याला सांगितले. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो काढायला मी स्वतः गेलो. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात 'सतत गैरहजर' असेच उतरवून मिळाले. अहवालासाठी परिविक्षा अधिकाऱ्यांना लिहून दिलेल्या पानावर मी आजीचा मृत्यू लिहिला, वडिलांची मारहाण लिहिली, बहिणीचे तेव्हाचे वय लिहिले आणि फळ्यासमोरचा तो प्रसंगही लिहिला.