घरच्यांचा पगार

"तमे तो घरनां ज छो," म्हणजे तुम्ही तर घरच्याच, असं साहेब हसून गुजरातीत म्हणाले, आणि पगारवाढीचा विषय तिथेच संपला.

मी एवढंच विचारलं होतं की ज्या नव्या मुलाला मी काम शिकवतेय, त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त कसा? त्याच्यावर माझा राग नाही. त्याने मागितला, त्याला मिळाला.

हिशेब साधा आहे. ३०,००० वर लागलेल्याला दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली, तरी चार वर्षांनी तो सुमारे ४०,८०० वर पोचतो. जुन्याची वाढ मागच्या पगारावर ठरते, नव्याचा आकडा बाजारभावाने. तेवढा दिला नाही तर तो येणारच नाही. जुना मात्र कुठे जातोय, हे गृहीत धरलेलं असतं.

मला तेच लागलं. मी घरची असेन, तर ते पगाराच्या स्लिपवर दिसायला नको?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पैसे तोंडाने मागणं कमीपणाचं मानत आले. बाबा तसेच निवृत्त झाले. मी सोमवारी लेखी देणार आहे: माझ्याकडची कामं, बाजारातला दर, हवा तो आकडा.

दुसरी ऑफर हातात नसताना कोणी वाढ मिळवली आहे का? काय बोललात तेव्हा?